जोड नसलेली केबल

३ तारीख, सोमवार

फिटरसाहेब यांस,

माझं अक्षर पाहून दचकू नकोस. कुणी गेलेलं नाही, कुणी आजारी नाही, आणि मी तुला परतही बोलावत नाहीये. एक सही हवी आहे, एवढंच. फोन करणार होते, पण फोनवर तू नुसता 'हं' म्हणतोस आणि मी भडकते, मग मूळ काम राहूनच जातं. तुला घर सोडून तीन वर्षं झाली तरी त्या 'हं'चा राग गेलेला नाही, हेही जाता जाता सांगून टाकते.

तर काम असं. गाडीचं इंजिन गेलं. दुकानातून घरी येत होते, इंजिन तापल्याचा काटा लाल खुणेच्या पुढे गेलेला दिसत होता, पण घर आलंच की, असं म्हणत रेटत राहिले. शेवटच्या वळणावर इंजिन जाम झालं. गॅरेजवाला म्हणाला, "ताई, यात आता राम राहिला नाही. गाडी विका, दुसरी घ्या." मी म्हटलं, "अहो, दुसरी घेऊन तिच्यात काय नुसती बसून राहू?" माझे पाय लहानपणापासून नावापुरते आहेत हे तो दर वेळी विसरतो. त्याला वाटतं, मी चाकाच्या खुर्चीत हौसेनं बसते. तू बनवलेला ब्रेकचा दांडा आणि स्टिअरिंगखालची, बोटांनी ओढायची रेसची कडी या गाडीत आहे, म्हणून ही गाडी मला हातांनी चालवता येते. दुसऱ्या गाडीत मी म्हणजे सामान. तेव्हा गाडी तीच ठेवली आणि इंजिन बदललं. मागून ठोकर बसून मोडीत निघालेल्या एका गाडीचं, जरा मोठं पण धडधाकट इंजिन मिळालं. नोंदणी कार्यालयात इंजिनाचा नवा नंबरही चढवून घेतला.

आता विमा. इंजिन बदललं की जुना विमा संपला. गाडी पुन्हा तपासून घ्यायची आणि नवा काढायचा. तपासायला विमा कंपनीचा एक टायवाला आला होता. त्यानं बॉनेट उघडलं, मग गाडीत वाकून तुझ्या दांड्याला आणि कडीला हात लावून पाहिला आणि म्हणाला, "हे ज्यांनी बनवलं त्यांचं हमीपत्र लागेल." फॉर्म सोबत ठेवलाय. दांडा, कडी आणि तिच्यापासून इंजिनापर्यंत जाणारी रेसची केबल तू बनवलीस, तू बसवलीस आणि आज आहेत तशी ती सुरक्षित आहेत, एवढाच मजकूर. खाली सही आणि वर्कशॉपचा शिक्का. नव्या इंजिनाला केबल लावायची जागा पलीकडच्या बाजूला आहे, त्यामुळे गॅरेजवाल्यानं तुझ्या केबलला वीतभर तुकडा जोडलाय. किरकोळ आहे.

बाकी माझं उत्तम चाललंय. चष्म्याच्या दुकानात अजून मशीनवर काचा घासते, मालक अजून गिऱ्हाइकासमोर जांभया देतो. दादा-वहिनी मजेत आहेत. परतीच्या पाकिटावर पत्ता लिहून तिकीटही लावलंय, म्हणजे तुला सबब नको.

तुझी (कायद्यानं अजून) बायको


७ तारीख, शुक्रवार

फिटर,

पाकीट आलं नाही. टपालवाला दारावरून सरळ पुढे गेला, मी खिडकीतून हाक मारली तर म्हणतो, "असतं तर दिलं नसतं का?" खरंच आहे त्याचं.

तू फॉर्म बाकावर ठेवला असशील आणि त्यावर नट-बोल्ट काढून ठेवले असशील. मी ओळखते तुला. म्हणून जरा सविस्तर लिहिते. दुसऱ्या कुणाची सही चालली असती तर मी तुझ्या दारात आले नसते. दोन वर्कशॉपमध्ये विचारून झालं. परक्याच्या कामावर सही करायला कुणी तयार नाही. सगळं नव्यानं बसवून देणारं एकच दुकान आहे, तिथे नंबर लागायला वर्ष जाईल म्हणतात. गॅरेजवाल्यानं स्वतःची सही देऊ केली होती, तर टायवाला म्हणाला, "तुम्ही इंजिनचे. दांड्यांचं तुम्हाला काय कळतं?" ते दोघं माझ्या अंगणात बराच वेळ भांडले आणि मी मध्ये खुर्चीत बसून दोघांना पाणी देत होते.

मागच्या पत्रात माझं उत्तम चाललंय असं लिहिलं, ते तितकंसं खरं नाही. गाडी दारात उभी आहे आणि मी घरात बसून आहे. भाड्याच्या गाड्यावाले खुर्ची बघितली की दुसरीकडे बघतात. एखादा थांबलाच तर खुर्ची टपावर बांधतो आणि मला उचलायला येतो. न विचारता, सरळ काखेत हात घालतो. एकाला मी चावले. म्हणजे जवळजवळ. दुकानाच्या मालकाचा निरोप आलाय की काचांचा ढीग साचलाय आणि त्याच्या मेहुणीची मुलगी रिकामीच आहे, तिला मशीन शिकवून ठेवू का. ठेव म्हणावं, आणि काय म्हणणार?

आणि दादा. दादा म्हणतो, या महिन्याच्या अखेरीपर्यंत बघू. विम्याचं जमलं तर ठीक, नाहीतर हे घर सोडायचं आणि त्यांच्याकडे राहायला जायचं. एकटी कशी राहशील, सामान कोण आणेल, रात्रीबेरात्री काही झालं तर. सगळं खरं आहे रे. पण तुला माहीत आहे दादाचं घर कुठे आहे. तिसरा मजला, लिफ्ट नाही. लग्नाआधी मी तिथेच होते. तू तिथल्या खिडकीला जाळी बसवायला आलास आणि खिडकीशी बसलेली मुलगी घेऊन गेलास, असं वहिनी अजून सगळ्यांना हसून सांगते. मला तिथे कुणी छळत नव्हतं. हातात आणून देत होते सगळं. कुणाचं लग्न किंवा डॉक्टर असला की चौघं मिळून मला खाली उतरवत, आणि वाटेत प्रत्येक मजल्यावरची दारं उघडत. सगळे म्हणत, सावकाश, सावकाश.

मला परत तिथे जायचं नाही. साध्या शब्दांत सांगते, म्हणजे तुला 'हं' म्हणता येणार नाही. सही कर. जोड किरकोळ आहे, मी स्वतः पाहिलाय.


१२ तारीख, बुधवार

वा! पोचलं उत्तर. आणि कशावर, तर वर्कशॉपच्या कार्डाच्या मागे. कागदाचा दुष्काळ पडलाय का तुमच्याकडे?

"जोड माझा नाही. माझ्या केबलला जोड नसतो. सही करणार नाही. तीवर गाडी चालवू नकोस."

झालं. ना कशी आहेस, ना काय आहेस. तीन वर्षांनी नवऱ्याचं पत्र येतं आणि त्यात केबल चार वेळा नाही आली हेच नशीब.

तुला माहीत आहे का ती केबल आखूड का पडली? कारण तू ती बोटभरसुद्धा जास्त ठेवली नव्हतीस. गॅरेजवाला तेव्हा म्हणाला होता, थोडी सैल ठेवा, पुढेमागे लागते. तू म्हणालास, "माझ्या कामात ढिलाई नसते." आता भोग. म्हणजे मी भोगतेय. केबलची जागा एका बाजूची दुसऱ्या बाजूला गेली आणि तुझ्या त्या नेमक्या कामाचा माझ्या गळ्याला फास बसला.

चालवू नकोस म्हणे! तुझं हे 'चालवू नकोस' मी पुष्कळ ऐकलंय. तूच मला गाडी शिकवलीस आणि तूच वर्षभर शेजारच्या सीटवर बसून हात हँडब्रेकवर ठेवलास. सिग्नलला, वळणावर, रिकाम्या रस्त्यावर, सतत. मी दुकानात जाते, तू शेजारी. मी मैत्रिणीकडे जाते, तू शेजारी, आणि मैत्रीण विचारते, हे दोन तास गाडीतच का बसून आहेत? त्या दिवशी समोर चिटपाखरू नसताना तू खटकन हँडब्रेक ओढलास तेव्हा मी म्हटलं, "उतर." तू उतरलास. मी एकटी घरी आले, पहिल्यांदा एकटी, आणि सांगू का, मी वाटेत गाणं म्हणत होते. तू चालत घरी आलास, कपडे भरलेस आणि गेलास. मला वाटलं होतं चार दिवसांनी येशील.

गाडीतून उतरवलं म्हणून कुणी संसार सोडून जातं का? मी तुला संसारातून उतर म्हटलं नव्हतं.

दुसरा फॉर्म पाठवतेय. पहिल्यावर तेलाचे डाग पडले असतीलच. एक खोटी सही केलीस तर आभाळ कोसळणार नाही. माझ्यासाठी आजवर काय खोटं बोललास? एवढं एक बोल. मी तुझ्या पाया पडते असं लिहिणार होते, पण ते मला जमत नाही हे तुला ठाऊक आहे, तेव्हा नुसतं वाचून घे.


१९ तारीख, बुधवार

अरे,

आज ओरडणार नाही. पाच-सहा दिवस हे पत्र लिहायचं टाळतेय. पण दुसऱ्या कुणाला सांगू?

तुझं कार्ड आलं त्याच्या दुसऱ्या दिवशी मी गाडी बाहेर काढली. विमा नसताना, जोडलेल्या केबलवर. तू नको म्हणालास म्हणून काढली, यात काही शंका नाही. खुर्ची घडी करून मागे टाकली, पट्टा लावला आणि निघाले. म्हटलं, दुकानात जाते, मेहुणीच्या मुलीला माझ्या मशीनवरून उठवते. इतके दिवस घरात कोंडून होते, बाहेर वारा लागला आणि मला रडूच आलं. तशीच रडत, हसत चालवत होते. नव्या इंजिनात जोर आहे. मला वाटलं, बघा, सगळे उगाच घाबरवतात.

शाळेच्या कोपऱ्यावर समोरची गाडी हळू झाली. मी कडी सोडली. कडी सोडली की रेस उतरते, हे माझ्या हातांना इतकं पाठ झालंय की मी विचारही करत नाही. रेस उतरली नाही. जोडाची गाठ केबलच्या नळीत अडकली होती, हे नंतर कळलं. गाडी तशीच पुढे चालली, जास्तच जोरात, आणि समोरून एक बाई मुलीचा हात धरून रस्ता ओलांडत होती. मुलीच्या हातात पाण्याची बाटली होती, ती तिच्याकडेच बघत चालली होती. मी स्टिअरिंग सोडून दोन्ही हातांनी ब्रेकचा दांडा दाबला. अंगातलं होतं नव्हतं ते सगळं लावून. इंजिन आत ओरडत होतं आणि गाडी थरथरत थांबली. बॉनेट आणि त्या मुलीमध्ये माझा हात जेमतेम मावला असता. मग किल्ली फिरवून बंद केली.

त्या बाईनं बॉनेटवर थाप मारली आणि तोंडाला येईल ते बोलली. बरोबर बोलली. मग काचेपाशी आली, तिला मागच्या सीटवरची खुर्ची दिसली, माझे पाय दिसले. तिचा चेहरा एकदम बदलला. "अगं बाई," म्हणाली, "तुम्हाला कुणी सोडलं एकटीला?" तिचा राग गेला रे. मला तो हवा होता.

गाडी ओढून गॅरेजमध्ये नेली. मी घरी कशी आले ते विचारू नकोस. गॅरेजवाल्यानं जोड कापून टाकला, त्याचा चेहरा पांढरा पडला होता. मी त्याला काही बोलले नाही. मीच त्याला घाई केली होती.

टायवाल्याचं बरोबर होतं. तुझं बरोबर होतं. हे लिहिताना हात जड झालाय, पण आहे ते आहे. तो दुसरा फॉर्म फाडून टाक. मला खोटी सही नको.

मला केबल हवी आहे. एका तुकड्याची, तुझ्या हातची, नव्या इंजिनाला पुरेल एवढी. ती मापं इथे येऊनच घ्यावी लागतील. टायवाल्यासमोर बनवणाऱ्यानं गाडी चालवून दाखवायची, असाही त्यांचा नियम निघालाय. म्हणजे तुला यावं लागेल. सहीसाठी बोलावलं तेव्हा मला वाटलं होतं तू न येताच भागेल, म्हणून लिहायला सोपं गेलं. हे सोपं जात नाहीये. ये. गॅरेजचा पत्ता तोच आहे. मला भेटायला नको असेल तर भेटू नकोस, मी घरातच थांबेन. तसंही कुठे जाणार आहे?


२६ तारीख, बुधवार

फिटर,

तुझ्याकडून काहीच नाही. गॅरेजवाल्याला सुटे भाग पुरवणारा माणूस तुझ्या गावाकडे येतो, माझं मागचं पत्र मी त्याच्याच हाती दिलं होतं. तो म्हणाला, तुझ्या हातात दिलं, तू तिथेच उभं राहून वाचलंस, घडी करून खिशात ठेवलंस आणि परत लेथवर गेलास. त्यानं विचारलं, काही निरोप? तर तू म्हणालास, "हं."

हसावं की डोकं आपटावं?

परवा टेम्पो येतोय. घरमालकाला दादानं कळवून टाकलं. त्याला तर दुसरं बिऱ्हाड तयारच होतं, ते लोक काल येऊन खिडक्या मोजून गेले. पडद्यांसाठी. मी समोर बसलेली असताना. वहिनी सकाळपासून भांडी वर्तमानपत्रात गुंडाळतेय आणि माझ्याशी अशी बोलतेय जशी मी तापातून उठलेय. "बघ, तुझ्यासाठी खिडकीजवळचा पलंग ठेवलाय." ती मनापासून बोलते. तिच्यावर रागावताही येत नाही, हे किती अवघड आहे तुला कळणार नाही. मी तिला म्हटलं, ओट्याखालची फळी काढू नकोस, ती माझ्या उंचीनं बसवलीय. ती म्हणाली, "आता तुला स्वयंपाक कशाला करायचाय?"

मला भीती वाटतेय. आजवर हे शब्द तुला मी कधी म्हटले नव्हते, अगदी पहिल्यांदा गाडी रस्त्यावर आणली तेव्हाही नाही. आता म्हणते. खूप भीती वाटतेय. इथून एकदा वर गेले की मला खाली आणायला दर वेळी कुणाची तरी फुरसत लागणार. लोक चांगले आहेत, पण फुरसत कुणाला असते?

उद्या आलास तरी चालेल. परवा सकाळी आलास तरी चालेल. दादा म्हणतो, विम्याचा नुसता होकार आला तरी तो टेम्पो परत पाठवेल. तो शब्दाला पक्का आहे. आल्यावर काही बोलू नकोस हवं तर. मीही बोलणार नाही, आणि ते मला किती जड जाईल हे तुझ्याइतकं कुणाला ठाऊक आहे? पण ये. ये रे.


२ तारीख, मंगळवार

पत्ता बदललाय, पाकिटावर बघितलाच असशील. जुनाच आहे म्हणा.

चौघांनी आणलं. दादा, टेम्पोवाला, त्याचा भाऊ आणि खालच्या मजल्यावरचे निवृत्त मास्तर. त्यांना दम लागला म्हणून दुसऱ्या मजल्यावर थांबलो. मी हवेत, ते वारा घेत. मास्तर म्हणाले, "वजन वाढलं हं तुझं." सगळे हसले, मीही हसले.

इथे सगळं ठीक आहे. वहिनीनं माझ्या उशाशी पितळी घंटा ठेवलीय, काही लागलं की वाजवायची. मी वाजवत नाही, तर ती दर अर्ध्या तासानं येऊन विचारते, वाजवलीस का? दादानं टीव्ही माझ्या खोलीत आणून ठेवला आणि स्वतः बाहेरच्या खोलीत पेपर वाचत बसतो. त्याचा आवडता कार्यक्रम लागला की मी आवाज मोठा करते, म्हणजे त्याला भिंतीतून ऐकू जाईल. असे आम्ही एकमेकांना जपतोय.

खिडकीतून समोरच्या गच्चीवरचं वाळत घातलेलं दिसतं. खालचा रस्ता पाहायचा तर जाळीला गाल लावावा लागतो. जाळी मजबूत आहे, अजून हललीसुद्धा नाही. तुझं काम.

दुकानाच्या मालकाचा फोन आला होता. मेहुणीच्या मुलीनं दोन चष्मे उलटे घासले. डाव्या डोळ्याची काच उजव्याला. तो चिडला होता आणि मला बरं वाटलं. मग म्हणाला, "पण ती येते तरी रोज."

आता मी तुला काही मागत नाहीये. हे पत्र कशासाठी लिहितेय तेही नीट सांगता येत नाही. एक गोष्ट मात्र कुणाला तरी सांगायला हवी. काल दुपारी वहिनीनं माझे केस विंचरून दिले, मला छान झोप लागली, आणि उठल्यावर क्षणभर वाटलं, बरं आहे की हे. काय वाईट आहे? कुठे जायचं नाही, कुणाशी भांडायचं नाही. आणि मग मी इतकी घाबरले की उशी तोंडात कोंबून रडले. वर आले त्याची नाही वाटली एवढी याची भीती वाटली. महिन्याभरात मला हे आवडायला लागेल. मी स्वतःला ओळखते, मी आळशी आहे. मी लढते ती फक्त सवय नसते तोवर.

एवढंच. काळजी घे. लेथवर काम करताना बाही दुमडत जा.


६ तारीख, शनिवार

हे पत्र मी टपालात टाकणार नाहीये. का, ते शेवटी सांगते.

आज सकाळी वहिनी कचरा टाकायला खाली गेली ती बराच वेळ आलीच नाही. आली तेव्हा तिचं तोंड लाल झालं होतं आणि पदराच्या टोकात काहीतरी गुंडाळलेलं होतं. माझ्या पलंगावर बसली आणि म्हणाली, "तुझा तो आला होता."

मी म्हटलं, "कोण माझा तो?"

"सोंग करू नकोस. तुझी गाडी घेऊन आला. खाली लावलीय."

मग तुकड्या-तुकड्यांत सगळं बाहेर आलं, काही तू तिला सांगितलेलं, काही तिनं गॅरेजवाल्याला फोन करून काढलेलं. तू चार दिवस गॅरेजमध्येच मुक्कामाला होतास म्हणे. केबल दोनदा बनवलीस, पहिली तुझी तुलाच पटली नाही. टायवाल्याला शेजारी बसवून पायांना हात न लावता, म्हणजे पेडलला पाय न लावता, गावभर फिरवून आणलंस. हमीपत्रावर सही केलीस. काल विमा मंजूर झाला. आणि गॅरेजवाल्याला बजावलंस की मंजूर होईपर्यंत तिला कळवू नका, उगाच आशा नको. अरे शहाण्या, मी इथे उशी खात होते! आशा दिली असतीस तर काय झालं असतं? थोडी चुकली असती तर चुकली असती.

वहिनी तुला म्हणाली, "वर चला, चहा घ्या." तू जिन्याकडे पाहिलंस आणि विचारलंस, "तिला वर कशी आणली?"

वहिनी म्हणाली, "कशी म्हणजे? चौघांनी उचलून."

"आणि खाली?"

"खाली कशाला?" असं ती म्हणाली. नंतर तिला बोलून वाईट वाटलं, हे तिनंच मला सांगितलं. तू म्हणे सगळ्यात खालच्या पायरीवर बसलास. किल्ली तिच्या हातात दिलीस, तरी उठेनास. तिनं विचारलं, काही सांगायचंय का तिला? तू नकारार्थी मान हलवलीस. "डोळे पुसत होता की घाम, मला काय कळणार," वहिनी म्हणाली, आणि स्वतःच डोळे पुसायला लागली. मग तू चालत निघून गेलास.

का रे गेलास? मी इतकी पत्रं लिहिली, आणि तू माझ्या तीन मजले खाली बसून होतास! लाज वाटली का? माझी, की तुझी? मी तुला कधीही माफ करणार नाही, असं मला त्या क्षणी वाटलं, आणि त्याच क्षणी मी जाळीला गाल लावून रस्त्यावर तुला शोधत होते.

दादा आला. किल्ली बघून खूश झाला. खरंच खूश. म्हणाला, "छान झालं. उद्या रविवार आहे, मास्तर मोकळे असतील. माणसं बोलावतो, तुला खाली नेतो. हवी तर एक चक्कर मार."

चक्कर. त्याच्या मनात काही वाईट नव्हतं. तो मला बक्षीस देत होता.

मी म्हटलं, "दादा, दार उघड." त्याला वाटलं मला बाहेरच्या खोलीत यायचंय. मी किल्ली कमरेला खोचली, खुर्ची सरळ जिन्यापर्यंत नेली, ब्रेक लावला आणि खाली उतरले. जमिनीवर. मग हात मागे टेकून पहिल्या पायरीवर. वहिनी किंचाळली. दादा मला उचलायला धावला आणि मी त्याला असं काही बोलले की ते इथे लिहिता येणार नाही. मोठ्या भावाला कुणी असं बोलत नाही. पण तो थांबला.

मी बसत-बसत उतरले. हात खालच्या पायरीवर, मग अंग, मग पाय ओढून घ्यायचे, ते वळतील तिकडे. पहिला मजला उतरेपर्यंत मनगटं पेटली. साडीची पार वाट लागली. सगळी दारं उघडली, नेहमीसारखी, पण 'सावकाश' कुणी म्हणालं नाही. मास्तर दारात उभे होते, त्यांनी चपला बाजूला सारून मला वाट करून दिली, बस्स. मी मध्येच थांबून रडले, कारण दुखत होतं. आणि मला वाटलं, हे मी लग्नाआधी का केलं नाही? कुणी नको म्हटलं नव्हतं. मला कधी सुचलंच नाही. सगळे उचलायला तयार असले की सुचत नाही.

वहिनी खुर्ची घेऊन मागून येत होती, मला शिव्या देत, स्वतःच्या नशिबाला शिव्या देत, पण घेऊन येत होती. खाली आल्यावर तिनं माझ्या अंगावरची धूळ झटकली आणि म्हणाली, "आता जा जिथे जायचं तिथे. जेवायला येणार आहेस का तेवढं सांग."

मी म्हटलं, "येईन. पण राहायला नाही. उद्यापासून तळमजल्याची खोली शोधायला लागतेय." तिनं खुर्ची माझ्यापुढे सरकवली. दादानं वरून, खिडकीतून हाक मारून किल्ली नीट ठेवायला सांगितलं.

हे मी गाडीत बसून लिहितेय, दुकानासमोर. कडी सोडली की रेस लगेच उतरते. वाटेत दहा ठिकाणी उगाचच सोडून बघितली. मालकानं मला बघितलं आणि जांभई अर्धी टाकून बाहेर आला. सोमवारपासून ये म्हणाला. मेहुणीच्या मुलीला फार आनंद झाला, तिला काचा आवडतच नव्हत्या.

आता टपालाचं. उद्या रविवार, तुझ्या वर्कशॉपला सुट्टी, म्हणजे तू घरी असशील. हे पत्र मी स्वतः घेऊन येतेय. रस्ता लांबचा आहे आणि शेजारची सीट येताना रिकामी असेल. तुझं घर मी पाहिलेलं नाही. जिना असेल, पायऱ्या असतील, काय असेल ते मला ठाऊक नाही. मी खाली रस्त्यावर गाडी लावेन आणि हॉर्न देईन. माझा जिना मी आज उतरले. उद्या तू तुझा उतर.